सुप्रमा आली की...

सुप्रमाचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं ते आमच्या वॉर्डाच्या खिडकीखाली. नव्या इमारतीच्या कामावरचे जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, पिवळं हेल्मेट काखेत धरून मोबाइलवर कोणाला तरी कळवळून सांगत होते, "साहेब, सुप्रमा आल्याशिवाय मला कशालाच हात लावता येत नाही. ठेकेदार दोन महिने घरी बसलाय. सुप्रमा कधी येणार, तेवढं तरी सांगा." मी राउंड थांबवली. बावीस वर्षं मेडिसिन शिकवतेय, माणसाच्या आवाजातला विरह मला कळतो. बायको माहेरी गेलेली दिसते, ठेकेदारालाही या प्रकरणाचा धक्का बसलेला दिसतो, असं निदान करून मी पुढच्या कॉटकडे वळले.

निदान साफ चुकलं. सुप्रमा म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. सरकारी बांधकामात आधी प्रशासकीय मान्यता लागते, मग तांत्रिक मान्यता, मग निविदा, मग कार्यारंभ आदेश. एवढं होऊन खड्डा खणेपर्यंत सळईचे भाव वाढतात, जिथे मुरूम लागायचा तिथे काळा पाषाण लागतो, आणि कोणाच्या तरी लक्षात येतं की नकाशात लिफ्ट दाखवलीय पण लिफ्टची खोली दाखवायची राहिलीय. मग खर्चाचा नवा आकडा घेऊन फाइल मुंबईला जाते. ती परत येते तेव्हा तिचं नाव सुप्रमा झालेलं असतं. आता हे सगळं मला तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी मी शेजारी उभ्या असलेल्या इन्चार्ज सिस्टरांना म्हणाले होते, "बिचारा!" आणि त्यांनीही मान हलवली होती.

आमचं सरकारी मेडिकल कॉलेज. एमबीबीएसच्या शंभर जागांच्या दीडशे झाल्या. वाढलेली पन्नास मुलं बसायला कुठे, राहायला कुठे, या प्रश्नाचं उत्तर म्हणून ही इमारत मंजूर झाली. मुलं लगेच आली. इमारतीला वेळ लागला. भूमिपूजनाच्या दिवशी मांडव होता, सनई होती, चांदीचा मुलामा दिलेली कुदळ होती. त्या कुदळीने जेवढी माती उकरली, तेवढाच खड्डा पुढचे आठ महिने राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी साठलं आणि एक बगळा येऊन राहिला. कॅम्पसमध्ये निवासस्थान मिळालेला त्या वर्षातला तो पहिलाच.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाची पायाभरणी १८४३ साली झाली आणि १८४५ साली रुग्णालय उभं राहून शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेजही सुरू झालं. ना ट्रान्झिट मिक्सर, ना टॉवर क्रेन, ना ई-निविदा. हे मी एकदा जेईंना ऐकवलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, तेव्हा सुप्रमा नव्हती." वर म्हणाले, "आणि जमशेटजींनी स्वतःचे पैसे घातले होते." माणूस वाचणारा निघाला. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी जपून बोलते.

मग एके सकाळी, सुप्रमा यायची होती तरी, जुन्या मान्यतेत बसेल तेवढं काम सुरू झालं. दवाखान्याभोवतीचा शंभर मीटरचा पट्टा कायद्याने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. सन २००० च्या नियमांप्रमाणे तिथे दिवसा पन्नास डेसिबल आणि रात्री चाळीस, त्याच्यावर आवाज जाता कामा नये. आमच्या गेटावर तसा निळा बोर्ड आहे, त्यावर ओठांवर बोट ठेवलेली नर्स आहे. ब्रेकरचं पहिलं यंत्र नेमकं त्या बोर्डाखाली सुरू झालं, कारण जुनी कंपाउंड भिंत तिथूनच पाडायची होती. हादऱ्याने बोर्डाचा एक खिळा निसटला आणि नर्स तिरकी झाली. आता ती गप्प बसा म्हणत नाही; दात दुखत असल्यासारखी दिसते.

माझा विषय ऐकण्याचा. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेकने कागदाची सुरळी करून एका बाईच्या छातीवर ठेवली आणि स्टेथोस्कोप जन्माला आला. त्याच्या वॉर्डाबाहेर काँक्रीटचा पंप असता, तर वैद्यकशास्त्र अजून नाडीवरच थांबलं असतं. थर्ड इयरच्या मुलांना मी बेडसाइड क्लिनिकला हृदयाचे ठोके ऐकवते. पहिला ठोका, दुसरा ठोका, मध्ये काही सळसळ, काही फुसफुस. एका मुलाने एका आजोबांच्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला, डोळे मिटले, आणि मिनिटभराने उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाला, "मॅडम, कंटिन्युअस मशिनरी मर्मर!"

वैद्यकाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, असा मर्मर खरोखरच असतो. जन्मानंतर बंद व्हायला हवी ती एक रक्तवाहिनी उघडीच राहिली, की यंत्र चालू असल्यासारखा अखंड घरघराट ऐकू येतो. १९०० साली एडिंबरोच्या गिब्सनने तो नेमका वर्णन करून ठेवला, म्हणून त्याच्या नावानेही तो ओळखतात. वर्षातून एखादा रुग्ण असा मिळाला तरी आम्ही सगळ्या बॅचेसना बोलावून ऐकवतो. मी धावले. स्टेथोस्कोप लावला. मर्मर होता. मग मी आजोबांच्या छातीवरून स्टेथोस्कोप काढून कॉटच्या लोखंडी दांडीला लावला. दांडीलाही मर्मर होता. पुढे भिंतीला लावला, तर भिंतीला अधिकच. खिडकीखाली मिक्सर फिरत होता. आजोबा मात्र धास्तावले. "भिंतीला काय झालंय?" म्हणून त्यांनी दोनदा विचारलं.

या इमारतीने आमची भाषाच बळकावली. एका संध्याकाळी जेई रेसिडेंट्सच्या खोलीच्या दारात उभे राहून फोनवर सांगत होते, "खालच्या भागात हनीकोम्बिंग सापडलंय, दोन्ही बाजूंना. लवकर काहीतरी केलं पाहिजे." आमची रेसिडेंट ताडकन उठली आणि तिने विचारलं, "पेशंट सिगरेट ओढतो का?" आमच्याकडे हनीकोम्बिंग म्हणजे फुप्फुस कायमचं वाळून सीटी स्कॅनवर मधाच्या पोळ्यासारखं दिसणं. त्यांच्याकडे काँक्रीट ओतताना व्हायब्रेटर नीट फिरवला नाही, की खडीमध्ये पोकळ्या राहून कॉलम तसाच दिसतो. त्यांचा कॉलम ग्राउटिंगने बरा झाला. आमचे पेशंट होत नाहीत.

त्यांचं क्युअरिंगही असंच. मी कधीही विचारलं तर उत्तर एकच, "क्युअरिंग चालू आहे मॅडम." डॉक्टर आयुष्यात किती वेळा 'क्युअर' हा शब्द तोंडातून काढतो, हे मोजून पाहावं. आम्ही 'कंट्रोल' म्हणतो, 'मॅनेज' म्हणतो, फार झालं तर 'इंप्रूव्हमेंट आहे' म्हणतो. हा माणूस मात्र गोणपाटावर पाइपने पाणी मारत बिनदिक्कत क्युअर करत सुटला होता. शिवाय त्यांची बायॉप्सी असते. ओतलेल्या काँक्रीटचे पंधरा सेंटीमीटरचे ठोकळे काढून लॅबला पाठवायचे. एक रिपोर्ट सात दिवसांनी आणि पक्का अठ्ठावीस दिवसांनी. पॅथॉलॉजीच्या मॅडमना मी हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी असूया दिसली ती विसरता येत नाही. अठ्ठावीस दिवस! आणि खाली नातेवाईक ओरडत नाहीत!

मला या सगळ्यात आवडला तो फरशीवाला मिस्त्री. तळमजल्याच्या एका खोलीत टाइल्स बसवून झाल्या होत्या आणि हा माणूस उकिडवा बसून हातातल्या काठीने एकेका टाइलवर टकटक करत पुढे सरकत होता. मध्येच थांबायचा, तीच टाइल पुन्हा वाजवायचा, खडूने फुली मारायचा. मी विचारलं, काय चाललंय? "पोकळ वाजते ताई. खाली माल नाही पोचला. आज दिसणार नाही. वर्षाने कोणी कपाट ठेवलं की तडकेल."

१७६१ साली व्हिएन्नाच्या आउएनब्रुगरने छातीवर बोटं वाजवून आत पाणी आहे की हवा, हे ओळखायची रीत पुस्तकात मांडली. त्याचा बाप खानावळ चालवायचा. पिंपात दारू किती उरलीय हे वाजवून कळतं, ते पोराने लहानपणी तिथेच पाहिलं, असं सांगतात. गेली बावीस वर्षं मी मुलांना सांगतेय की मनगटातून वाजवा, कोपरातून नको, बोटाने ऐका. मुलं छातीवर दारावर थाप मारावी तशी थाप मारतात आणि म्हणतात, "मॅडम, एक्स-रे काढूया का?" दुसऱ्या दिवशी मी बाराजणांची बॅच घेऊन तळमजल्यावर गेले. मिस्त्रीने काठी दिली. बारापैकी तिघांना पोकळ टाइल ओळखता आली. नंतर मिस्त्रीने हलक्या आवाजात मला विचारलं, "ही सगळी डॉक्टर होणार?" मी म्हटलं, अजून दोन वर्षं आहेत. तो म्हणाला, "मग होईल." पुढच्या परीक्षेला एक्स्टर्नल म्हणून त्यालाच बोलवावं, असं अजूनही माझं मत आहे, पण विद्यापीठाच्या पॅनेलवर बसायला त्याला तीन शोधनिबंध लागतील.

बाकी गैरसोयी सगळ्यांच्या सारख्याच. जेसीबीने इंटरनेटची केबल तोडली आणि सगळा स्टाफ मोबाइलमधल्या हजेरीच्या ॲपला तोंड दाखवायला गेटाबाहेर चहाच्या टपरीवर उभा राहू लागला. टपरीवाल्याने एक बाक वाढवला. नेत्रविभागाकडे जाणारा बाण बांधकामाभोवतीच्या पत्र्यामागे गेला आणि मोतीबिंदूचे पेशंट बिनचूक शवविच्छेदनगृहाच्या दारात पोचू लागले. धुळीचं मात्र हसण्यावारी नेता येत नाही. बांधकामाच्या धुळीत ॲस्परजिलस नावाच्या बुरशीचे कण असतात, आणि ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच खचली आहे अशा पेशंटच्या फुप्फुसात ते घर करू शकतात. आमच्या इन्फेक्शन कंट्रोलच्या सिस्टर दोन दिवस जेईंच्या मागे हात धुऊन लागल्या, तेव्हा कुठे पत्र्याच्या आत जाड प्लॅस्टिकचा पडदा आला.

याच काळात मला एक खोड लागली. रोज राउंड संपली की मी खाली जायचे आणि जेईंना विचारायचे, "काही प्रगती?" ते फाइलवरून नजर न उचलता म्हणायचे, "आहे. पण आत्ताच काही सांगता येत नाही." "साधारण?" "अठ्ठेचाळीस तास जाऊ द्या, मग बघू." "दिवाळीपर्यंत होईल का?" "मॅडम, आम्ही आमच्या परीने सगळे प्रयत्न करतोय." एकदा मी जरा आवाज चढवला. तेव्हा त्यांनी मला बाजूला घेतलं, खांदे पाडले आणि हळू आवाजात म्हणाले, "केस मुळातच उशिरा आमच्याकडे आली."

मी जिना चढून वर आले. वॉर्डाच्या दाराशी एक म्हातारी कधीची उभी होती. तिने विचारलं, "डॉक्टरीणबाई, माझ्या लेकाचं काही..." आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं, "अठ्ठेचाळीस तास..." पुढचं वाक्य घशातच अडकलं. त्या दिवशी मी तिच्याजवळ बाकावर बसून वीस मिनिटं बोलले. वॉर्डबॉय मामांनी दोनदा डोकावून पाहिलं. माझी तब्येत बरी नाही, असं त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं.

पाऊस सरत आला तेव्हा दुसरा स्लॅब पडला. स्लॅबवर वाळू-सिमेंटची आळी करून त्यात दहा-बारा दिवस पाणी धरून ठेवतात. डेंग्यूच्या डासालाही अंड्यातून उडेपर्यंत साधारण तेवढेच दिवस लागतात, आणि त्याला पाणीही तसलंच लागतं, स्वच्छ आणि साठलेलं. स्लॅब आणि डास एकाच मुहूर्तावर पक्के झाले. आमच्या पीएसएम, म्हणजे सामाजिक वैद्यकशास्त्राच्या, विभागाने त्या आठवड्यात गावात 'कोरडा दिवस पाळा'ची फेरी काढली होती. फेरी स्लॅबखालूनच गेली.

पहिले दोन मजूर आले, मग होस्टेलची चार मुलं, आणि शुक्रवारी जेई. ताप एकशे तीन, अंग मोडून आलेलं, डेंग्यूचा रिपोर्ट पॉझिटिव्ह. कॉट मिळाली ती नेमकी खिडकीजवळची. सोमवारी ताप उतरला. डेंग्यूत ताप उतरतानाचेच दिवस जास्त लक्ष ठेवायचे असतात. ते मात्र उठून बसले होते.

"मॅडम, डिस्चार्ज?"

"प्लेटलेट बघून सांगते."

"साधारण?"

मी काही बोलले नाही. त्यांनीही पुढे विचारलं नाही. एवढ्यात खिडकीखाली ब्रेकर सुरू झाला. सलाइनची बाटली स्टँडवर नाचू लागली. जेईंनी दोन्ही हातांनी डोकं धरलं. गावाहून त्यांच्या सासूबाई आल्या होत्या, त्या स्टुलावर बसून मोसंबी सोलत होत्या, त्यांच्या हातातली फोड खाली पडली. जेईंनी फोन उचलला, स्पीकर लावला आणि मुकादमाला म्हणाले, "अरे बंद कर ते! पेशंट आहेत इथे, माणुसकी आहे का नाही?"

"कसं बंद करू साहेब?" मुकादमाचा आनंद अख्ख्या वॉर्डात घुमला. "तुमची सुप्रमा आली ना सकाळी! तुम्ही आठ महिने तिच्यासाठी जीव टाकत होता, आता आलीय तर थांबवू नका."

वॉर्डात शांतता पसरली. ब्रेकरही नेमका त्याच क्षणी श्वास घ्यायला थांबला. सासूबाईंनी सुरी बाजूला ठेवली, पदराला हात पुसले, आणि जावयाकडे न बघता थेट मला विचारलं, "डॉक्टरीणबाई, कोण हो ही सुप्रमा?"

जेई माझ्याकडे बघत होते. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या.

मी केसपेपर मिटला. म्हटलं, "आजी, अठ्ठेचाळीस तास काही सांगता येत नाही."