गडग्यापलीकडचा देश

"भावजी, ज्या देशाला समुद्रच नाही, तिथला माणूस खलाशी होतो तरी कसा?"

वहिनींनी गडग्यावर कोपर टेकलं की आपला चहा निवणार, हे मी ओळखून असतो. त्यांच्या कलमांच्या बागेत राखणीला नेपाळी जोडपं आहे. गेले काही हंगाम तेच. त्यातल्या गड्याचा धाकटा भाऊ काल मिरकरवाड्याहून भेटायला आला. तो तिथे बोटीवर असतो. बोलता बोलता थोरला म्हणाला की आमच्या गावात समुद्र पाहिलेलं दुसरं कुणी नाही. झालं, तेव्हापासून वहिनींना चैन नाही.

मी भूगोल शिकवून निवृत्त झालेला माणूस. घसा खाकरून सुरुवात करणार, तेवढ्यात पाणंदीतून मासेवाली मावशी आली आणि पाटी उतरवायच्या आधीच उत्तर देऊन मोकळी झाली.

"व्हतो कसा म्हंजे? पयले आठ दिवस वकतो, मंग व्हतो!"

पुढचंही तिनेच सांगितलं. तिच्या दिराची बोट आहे. तांडेल घरचा, बाकी जाळं ओढायला, बर्फ भरायला, मासळी निवडायला बहुतेक नेपाळी पोरं. पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठून १ ऑगस्टला बोटी सुटायच्या, म्हणून जुलै संपता संपता ही पोरं गाड्या भरभरून येतात. यायला उशीर झाला तर बोट बंदरातच. "आनी आमची पोरा कुठं? मुंबयला. नायतर कंपनीत. जाल्यानं हात कापून घ्यायला कोन तयार हाय?"

वहिनींना मुद्दा पटला, पण मूळ शंका जाईना. माणूस डोंगरातून थेट दर्यावर येतोच कशाला?

मग मात्र मी नकाशा काढला. म्हणजे हवेतच काढला. नेपाळ महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान, सुमारे १ लाख ४७ हजार चौरस किलोमीटर. तीन बाजूंनी आपण, उत्तरेला चीनचा तिबेट. २०२१च्या जनगणनेत लोकसंख्या भरली २ कोटी ९२ लाखांच्या आसपास. आपल्याकडे कशी खाली खलाटी, वर वलाटी आणि मग सह्याद्रीचा कडा, तसे तिथेही तीन पट्टे: तराई, पहाड आणि हिमाल. तराई सपाट, भाताची. खालचा भाग समुद्रसपाटीपासून जेमतेम ६०-७० मीटर उंचीवर. तिथून सरळ उत्तरेला दीड-दोनशे किलोमीटर गेलं की ८,८४८.८६ मीटरचा एव्हरेस्ट. हा शेवटचा आकडा नेपाळ आणि चीनने २०२०मध्ये मिळून जाहीर केला. जगातली आठ हजार मीटरवरची शिखरं चौदा, त्यांतली आठ नेपाळात किंवा त्याच्या सीमेवर.

"म्हणजे बघायला छान," वहिनी म्हणाल्या. "पिकवायला?"

नेमकं तेच. आपला गडी आछामचा, म्हणजे पार पश्चिमेच्या टोकाचा. तिथे डोंगरउतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेती, घरात खाणारी तोंडं जास्त, आणि पिकलेलं धान्य वर्षभर पुरेलच असं नाही. आपण सरसकट सगळ्यांना गुरखा म्हणतो, पण गोरखा जिल्हा देशाच्या मध्यावर. आछामच्या माणसाला तो आपल्याला चंद्रपूर असावं तेवढा लांब. ज्याच्याकडे दलालाला द्यायला पैसे असतात तो आखातात किंवा मलेशियात जातो. ज्याच्याकडे नसतात तो आपल्याकडे येतो, कारण इथे व्हिसा लागत नाही. आधी जीपने डोंगर उतरायचा, बनबसा किंवा नेपाळगंजकडून सीमा ओलांडायची, मग दिल्ली, मग कोकण रेल्वे. परदेशातून घरी येणारा पैसा त्या देशाच्या एकूण उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्याच्या घरात जातो.

"मनीऑर्डर," वहिनी म्हणाल्या.

एका शब्दात त्यांनी माझा तासभराचा पाठ संपवला. आपला रत्नागिरी जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या कशावर जगला? सासरे गिरणीत, थोरला दीर गोदीत, आणि गावात म्हातारी, बायका, पोरं. पोस्टमन दिसला की चूल पेटायची. मुंबईला आपण जे होतो, ते हे लोक आज आपल्याला आहेत. फरक एवढाच की गिरगावात आपल्या माणसाला गावकऱ्यांची खोली होती आणि त्याचं नाव-गाव लोकांना माहीत होतं. इथे आपण दहा दहा वर्षं बागेत राहणाऱ्या माणसाला "ए बहादूर" म्हणून हाक मारतो. वहिनी मारत नाहीत, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. त्या त्याला मेल्या म्हणतात.

"पण व्हिसा का नाही? एवढा देश वेगळा, पंतप्रधान वेगळा."

करार आहे १९५०चा. भारत-नेपाळ मैत्री करार. एका देशाच्या माणसाने दुसऱ्या देशात राहावं, व्यापार करावा, जमीनजुमला घ्यावा, अशी त्यात सोय. सही झाली काठमांडूत, तारीख ३१ जुलै.

"३१ जुलै!" मावशीने पाटीवरचा कपडाच बाजूला केला. "आमची बंदी त्याच दिवशी संपते बगा."

योगायोग म्हणायचा. पण हा करार नसता तर १ ऑगस्टला मिरकरवाड्यातून किती बोटी हलल्या असत्या, हे मावशीच्या दिराला विचारावं.

समुद्र नसणं म्हणजे नुसतं मासे न मिळणं नव्हे, हे वहिनींना सांगायला हवं होतं. नेपाळचा जहाजाने येणारा माल उतरतो कोलकात्याला, तिथून रेल्वेने नाहीतर ट्रकने रक्सौल-बीरगंजकडे. पेट्रोल आणि गॅस तर आपल्याकडूनच जातो. २०१५च्या एप्रिलमध्ये तिथे मोठा भूकंप झाला, जवळजवळ नऊ हजार माणसं गेली. त्याच वर्षी २० सप्टेंबरला नवी राज्यघटना आली, तराईतल्या मधेशी लोकांना ती पटली नाही, आंदोलन पेटलं आणि सीमेवर ट्रक अडले. काठमांडू म्हणतं भारताने नाकेबंदी केली, दिल्ली म्हणते आंदोलकांनी रस्ता धरला. कुणी का अडवेना, चार-पाच महिने देशाची चूल अडली. सिलिंडर अर्धे भरून वाटले.

"अर्धा सिलिंडर? पुऱ्या पैशांत की अर्ध्या?"

भूगोलाच्या मास्तराला असे प्रश्न विचारू नयेत. मी विषय बदलला आणि म्हटलं की म्हणूनच तिथल्या ओली नावाच्या पंतप्रधानांनी देशाची स्वतःची जहाजं असावीत असा ध्यास घेतला आणि २०१९मध्ये पाणीजहाज कार्यालय उघडलं.

मावशी एवढी हसली की पाटीतल्या बांगड्यांवरचं पाणी उडालं. "दर्या न्हाय आनी हापिस!"

हसू नये खरं तर. समुद्र नसलेल्या देशालाही आपल्या झेंड्याखाली जहाज चालवता येतं, आंतरराष्ट्रीय कायदा आडवा येत नाही. पण हापिस आधी आणि जहाज नंतर, या पद्धतीची ओळख आपल्यालाही चांगली आहे. त्यामुळे मीही थोडा हसलो.

वहिनी तोवर आत जाऊन आल्या होत्या. हातात देवघरातला शाळिग्राम, ओंजळीत धरलेला. "हा तिकडचाच ना? सासूबाई सांगायच्या, गंडकीतला आहे म्हणून."

तिकडचाच. काली गंडकी नदी मुस्तांगकडून खाली येते, तिच्या पात्रातले हे काळे गोटे. आतलं चक्र म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री जीवाचा शंख, दगड झालेला. दहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी हिमालय नव्हता, तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. पुढे आपला भूखंड सरकत सरकत जाऊन उत्तरेच्या भूखंडावर आदळला, समुद्राचा तळ उचलला गेला आणि शंख गेले डोंगरात. म्हणजे समुद्राकाठच्या कोकणातल्या देवघरात पूजेचा शंखजीव आला तो समुद्र नसलेल्या देशातून. मावशीने ओल्या हातानेच लांबून नमस्कार केला. वहिनींनी मात्र शाळिग्रामाकडे जरा संशयाने पाहिलं. "जीव आहे म्हणता आत? मग सोवळ्यात चालतो?" मी म्हटलं, इतक्या पिढ्या चालला, तर आता काय व्हायचंय!

बाकी नेपाळ आपल्याला अगदीच परका कधी नव्हता. १८५७च्या धामधुमीनंतर नानासाहेब पेशवे तिकडेच गेले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टिळकांच्या गोटातले नाटककार काकासाहेब खाडिलकर नेपाळात जाऊन राहिले. वरून कौलांचा कारखाना आणि आतून हत्यारं बनवण्याचा बेत. बेत फसला. कौलं किती निघाली ते कुणी लिहून ठेवलेलं मी वाचलं नाही.

"आणि तिथला राजा? तो होता ना, विष्णूचा अवतार म्हणायचे. त्याचं काय झालं? आपल्याकडे नाही ना पाठवला?"

वहिनींची शंका अस्सल रत्नागिरीची. आपल्याकडे राजे पाठवायची रीतच होती. ब्रह्मदेशचा थिबा १८८६मध्ये इथे आणला गेला आणि १९१६मध्ये इथेच गेला. तोही समुद्राला मुकलेल्या देशाचाच राजा. किनाऱ्याचा खालचा ब्रह्मदेश इंग्रजांनी १८५२मध्येच घेतला होता, थिबाकडे उरला होता तो मंडालेचा वरचा भाग. त्याला इंग्रजांनी समुद्र दिसेल अशा जागी राजवाडा बांधून दिला, तोही कैदेत पंचवीस वर्षं होत आल्यावर. तर नेपाळच्या राजाचं तसं झालं नाही. १९९६पासून दहा वर्षं माओवाद्यांचं युद्ध, मधेच २००१मध्ये राजवाड्यातलं राजघराण्याचं हत्याकांड, मग २००६चं जनआंदोलन आणि २८ मे २००८ला राजेशाही रद्द. शेवटचे राजे ज्ञानेंद्र सामान्य नागरिक म्हणून तिथेच राहतात. राजवाड्याचं संग्रहालय झालं.

त्यानंतर आलं ते गणराज्य. सात प्रांत, ७७ जिल्हे, ७५३ पालिका, आणि पंतप्रधान इतके की मलाही ओळीने सांगता यायचे नाहीत; एकालाही पाच वर्षं पुरी करता आली नाहीत. मला स्वतःला त्या घटनेतला खालचा मजला जास्त आवडतो. तिथे प्रत्येक वॉर्डात अध्यक्ष आणि चार सदस्य निवडून देतात. त्या चारांत दोन बायका असायलाच हव्यात आणि त्यांतली एक दलित. देशभर, प्रत्येक वॉर्डात. आपल्याकडे सरपंचबाईच्या खुर्चीत अजून तिचा नवरा बसतो, हे मी म्हटलं नाही, कारण वहिनींचं जाऊबाईंकडे येणं-जाणं आहे.

२०२५च्या सप्टेंबरात इथे गणपती विसर्जन होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच तिकडे तरुण पोरं रस्त्यावर उतरली. निमित्त सरकारने फेसबुक-व्हॉट्सॲप बंद केल्याचं, राग भ्रष्टाचाराचा. पहिल्याच दिवशी १९ जण गोळीबारात गेले. दुसऱ्या दिवशी ओलींचा राजीनामा आणि संसद जळत असलेली.

"ते मला विचारा," मावशी म्हणाली. बोटीवर रेंज नाही. रात्रभर जाळं ओढून पोरं बंदरात आली, फोन चालू केले आणि घरचा फोन लागेना. जेटीवर मासळी तशीच, पोरं एका फोनभोवती गोळा. दीर ओरडला नाही, असं तिने दोनदा सांगितलं. म्हणजे आधी ओरडला असावा.

नंतर सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, १२ सप्टेंबरला. त्या पूर्वी सरन्यायाधीश होत्या. तिथल्या पहिल्या महिला सरन्यायाधीश आणि मग पहिल्या महिला पंतप्रधानही. त्यांचं नाव पुढे आलं ते पोरांच्या डिस्कॉर्ड या ॲपवरच्या चर्चेतून, हे ऐकून वहिनींनी आपल्या नातवाच्या मोबाईलबद्दलचं मत थोडं सौम्य केलं. निवडणूक ठरली ५ मार्च २०२६ला.

"५ मार्च?" वहिनींचा हात गडग्यावरून सुटला. "अहो, शिमग्यात! आंबा तोडायला यायचा, वांदर हे असे टपून बसलेले, आणि हा जाणार मत द्यायला?"

इथून मत देता येत नाही का, हा पुढचा प्रश्न. नाही येत. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८मध्येच सांगितलंय की परदेशातल्या नागरिकांच्या मतदानाची सोय करा, झालेली नाही. लाखो माणसं बाहेर, आणि मत हवं तर गाव गाठा. आपला चाकरमानी निदान उमेदवाराने केलेल्या गाडीतून येतो. आछामपर्यंत गाडी कोण करणार?

वहिनींनी तोडगा काढला. थोरल्याने जावं, धाकट्याने बोटीवरून येऊन बाग राखावी. एका घरातून एक मत बस झालं.

"आनी आमच्या जाल्यावर कोन?" मावशी कमरेवर हात ठेवून उभी. मार्चात मासळी असते, दीर सोडणार नाही. वहिनी म्हणाल्या, मग दोघंही राहू देत, देश आपला चालेल. मावशी म्हणाली, तसा कसा चालंल, त्यांचाय न्हवं तो.

बागेच्या बेड्याजवळ गड्याची बायको झेला दुरुस्त करत बसली होती. तिचा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीला, घरात तोच तिला मराठी शिकवतो. दिवाळीत, आपण कारीट फोडतो त्या नरकचतुर्दशीला, तिने बागेतल्या कुत्र्याला झेंडूची माळ घालून कपाळाला टिळा लावला होता. त्यांच्यात त्या दिवशी कुत्र्याची पूजा असते. तेव्हा तिच्याशी जे बोलणं झालं तेवढंच आमचं.

"वहिनी," ती तिथूनच म्हणाली, "हे दोघं र्‍हातील. मी जातंय."

"तू? एकटी? आणि पोर?"

"पोराची शाळा हाय. तो हितंच."

"अगो, पण तिकीट-बिकीट..."

"काढलंय," ती म्हणाली आणि झेल्याची दोरी दातात धरून गाठ मारली.