टर्बोनाना

कतारगाममध्ये नानांकडे कधीही जा, ते कमरेपासून खालीच दिसतात. बाकीचे नाना बॉनेटखाली असतात.

साक्रीकडून लूमवर कामाला आलेले नाना आता निवृत्त झालेत. गाडी अजून कामावर आहे. 2002 साली स्कॉर्पिओ निघाली, त्या सुरुवातीच्या खेपेतली, 2.6 लिटरचं टर्बो डिझेल. नानांच्या लेखी ती गाडी नाहीच, टर्बोभोवती बांधलेलं घर आहे.

"इंजिनाचा धूर वाया जातो ना, त्यावर हे चक्र फिरतं. मिनिटाला लाखभर फेरे! घाटात तोच धूर सहाशे-सातशे डिग्रीला जातो," हे नानांनी पापडीवाल्या मावशींनासुद्धा समजावलंय. कतारगामच्या पापडीशिवाय सुरतेचं उंधियू होत नाही. पण मावशींना त्यावर बोलायची संधी नानांनी अजून दिलेली नाही.

गाडी जुनी, त्यामुळे आतलं रबर कडक झालेलं, वायरी वाकवल्या की कडकडतात. म्हणून नाना उष्णतेशी लढतात. पहिल्यांदा डाइंग मिलमध्ये वाफेच्या पाइपांना लावतात ती काचलोकर आणून एक्झॉस्टला गुंडाळली. आठवडाभर नाना खाजवत होते. पावसाळ्यात ती भिजली आणि खालच्या लोखंडाला गंज चढला. मग सिंगतेलाचा डबा कापून टर्बो आणि वायरींच्या मध्ये पत्र्याची आडभिंत घातली, मध्ये बोटभर हवा सोडून. हे मात्र खरंच जमलं. बॉनेट उघडलं की 'डबल फिल्टर्ड' ही अक्षरं अजून वाचता येतात, 'फिल्टर्ड' जरा करपलंय.

तिसरा उपाय बिजागऱ्यांखाली वायसर घालून बॉनेट मागून दोन बोटं उचलण्याचा. गाडी उभी असताना गरम हवा निघून जाते, कबूल. पण धावत्या गाडीत काचेच्या पायथ्याशी वारा दाबून धरतो, हवा बाहेर पडायची ती उलटी आत शिरते आणि इंजिनाचा सगळा वास आमच्या नाकात. कोरोनात घेतलेलं कपाळाचं थर्मामीटर नानांनी टर्बोवर रोखलं, तर पडद्यावर इंग्रजीत 'हाय' आलं. "बघ, कण्हतोय बिचारा!"

आणि ती दोन मिनिटं! इंजिन बंद केलं की तेलाचा पंप थांबतो, टर्बोच्या बेअरिंगात अडकलेल्या तेलाचा तिथंच जळून कोळसा होतो. म्हणून पोहोचल्यावर इंजिन थोडं चालू ठेवायचं. शास्त्र बरोबर आहे. पण नाना गजेरा सर्कलपासून घरापर्यंत तिसाच्या वेगानं येतात आणि दारात पाच मिनिटं घरघरत बसतात. त्यांचा मिस्त्री एकदा म्हणाला, "काका, टर्बो थंड करायला तो आधी गरम तर व्हायला हवा." नानांनी मिस्त्री बदलला.

गेल्या वैशाखात पुतण्याच्या लग्नाला आम्ही सगळे त्याच गाडीतून साक्रीला निघालो. कोंडाईबारीच्या घाटात, पुढे लोखंडाचा ट्रक आणि गाडीत आठ माणसं, तेव्हा टर्बो आयुष्यात पहिल्यांदा खरा तापला. नानांचा चेहरा उजळला. मांडवाशी पोहोचलो तेव्हा मंगलाष्टकं सुरू झाली होती. आम्ही धावलो. नाना जागचे हलले नाहीत.

"नाना, चला ना!"

"थांब भो, टर्बो तपेल शे!"

शेवटी एका पोरानं मूठभर अक्षता खिडकीतून आणून दिल्या. नानांनी एक डोळा घड्याळावर ठेवून, बसल्या जागेवरून, काचेवरून हात बाहेर काढून त्या नवरानवरीच्या दिशेनं भिरकावल्या. मांडव तीस पावलांवर होता. सगळ्या अक्षता बॉनेटवर पडल्या आणि मागच्या फटीतून घरंगळत आत गेल्या.

परतताना व्यारापर्यंत गाडीत करपलेल्या भाताचा वास येत होता. नाना दर दहा किलोमीटरला थांबून क्लच हुंगत होते.