जपानी देऊळ, व्हाया कुर्ला

जपानला जायला पैसे लागतात, हे मला जपानी शिकायला लागल्यावर कळलं. तोवर क्लासची फी भरून झाली होती. क्योटोत म्हणे किमोनो दिवसभरासाठी भाड्याने मिळतो, तीन-चार हजार येनमध्ये. परवडेल; फक्त तिथवरचं विमान त्या भाड्यात धरलेलं नसतं. माझी ऐपत सीवूड्स-दारावे स्टेशनच्या डोक्यावरच्या मॉलमध्ये शिरून फुकटचा एसी खाण्याइतकीच.

म्हणून युकाता शिवून घ्यायचं ठरवलं. युकाता म्हणजे किमोनोचा सुती, बिनअस्तराचा, उन्हाळी धाकटा भाऊ. जपानी कापडाचा तागा सुमारे ३६ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब. त्याचे सरळ पट्टे कापायचे, सरळ शिवायचे, गोलाई जवळजवळ नाहीच. हिशेब केला तर आजीच्या एका सहावारीत सगळं बसत होतं आणि वर पदराचा कमरपट्टाही निघत होता. साडी मागताना मी आजीला इतिहास ऐकवला, की १८९३ साली निप्पॉन युसेन काइशा या कंपनीने जमशेटजी टाटांच्या साथीने मुंबई-कोबे जहाजं सुरू केली, ती आपला कापूस न्यायला. तेव्हा यात नवीन काही नाही.

"त्यांनी कापूस नेला," आजी म्हणाली, "माझी साडी नव्हती नेली."

पण दिली. अट एकच: हौस फिटली की उसवायचं आणि कापड गोधडीला द्यायचं.

आमच्या सेक्टरातल्या टेलरमास्तरांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "फिटिंग नको? टक्स नको? चेन नको?" मग माझ्याकडे दयेने पाहत म्हणाले, "ताई, सरळ गाऊन म्हणा ना."

मला लागलं. आणि वाचल्यावर आणखी लागलं, कारण मास्तर बरोबर होते. युकाता मूळचा न्हाणीघरातलाच. आधी वाफेच्या स्नानाच्या वेळी घालायचा कपडा. पुढे एदो काळात सामान्य माणसं अंघोळीनंतर तोच अंगावर ठेवून बाहेर पडायला लागली, आणि होता होता तो उन्हाळी जत्रांचा पोशाख झाला. म्हणजे गाऊनवर ओढणी टाकून दूध आणायला खाली उतरणाऱ्या आमच्या सोसायटीतल्या काकू कितीतरी वर्षं जपानी संस्कृती जपत होत्या, आणि मी क्लासला पैसे भरत होते.

घालून जायचं कुठे, तर वरळीच्या जपानी देवळात. १९५६ साली बांधलेलं निप्पोन्झान म्योहोजी पंथाचं हे बौद्ध मंदिर. आजीचं माहेर वरळीच्या बीडीडी चाळीत. "तुला रस्ता सापडायचा नाही," म्हणत ती चपला घालून दारात उभीच राहिली.

आता बायकांच्या युकात्याची खुबी सांगते. तो मुद्दाम अंगापेक्षा लांब शिवतात. जास्तीचं कापड कमरेशी दुमडायचं, त्यावर नाडी बांधायची आणि मग वर रुंद पट्टा. थोडक्यात, सगळी अब्रू एका नाडीवर. सीवूड्सला लोकल रिकामीशी होती. वाशीपर्यंत मी क्योटोतच होते. मानखुर्दला गर्दी चढली, गोवंडीला वाढली. कुर्ल्याला मला लोकांनीच उतरवलं. पट्टा खांद्यावर आला होता. मी कुर्ल्यात उतरले. नाडी सीएसएमटीला गेली.

दुमड सुटली आणि युकाता वीतभर लांब होऊन पायाखाली आला. पुलाचा जिना चढायचा तर जपानी पद्धतीने पाऊल टाकावं लागे, म्हणजे अर्धं. आणि मागून येणारा प्रत्येक कुर्लेकर माझ्या घोळावर पूर्ण टाकत होता. "शूटिंग आहे का?" कुणीतरी विचारलं. एकाने मोबाइलही काढला. या शहरात व्हिडिओ काढायला सगळ्यांचे हात मोकळे असतात, याची मला भयंकर चीड आहे.

पुलावर टिकल्या, पिना, नाड्या विकणारी एक बाई बसली होती. मी दोन्ही मुठींत जपान धरून उभी, आणि आजी घासाघीस करतेय: "दहाला दोन दे." तेवढ्यात चार बायकांनी आपणहून माझ्याभोवती कडं केलं. एकीने पिना लावल्या, दुसरीने नाडी आवळली, तिसरी म्हणाली, "कासोटा घालू का? चालायला बरं पडेल." कासोट्यातून मी कशीबशी सुटले. मग खाली पाहिलं तर उजवी बाजू डावीवर. जपानात असं फक्त मृताला नेसवतात. मी ओरडलेच.

आजीने त्या दिवशी पहिल्यांदा जपानची गंभीर दखल घेतली. "म्हणजे अपसव्य? आधी सोड ते. वरळीत माझी माणसं आहेत."

पुन्हा कडं, पुन्हा नाडी. मग दादर, मग बस.

देऊळ शांत, नेटकं. आत एक भिक्खू ढोल वाजवत मंत्र म्हणत होते. मी फोटोसाठी कोपरा शोधत होते. आजी उंबऱ्यापाशी थांबून ऐकत राहिली. लहानपणी चाळीतून खेळत खेळत ती इथवर यायची, पण आत कधी आली नव्हती. मी कारण विचारलं.

"बाहेर सगळ्यांच्या चपला ओळीत असायच्या," ती म्हणाली. "आमच्याकडे काढून ठेवायला चपलाच नव्हत्या. लाज वाटायची."

मग तिने आपल्या चपला काढल्या, जोडी नीट लावली आणि माझ्या आधी आत गेली. मी फोटो काढायचा विसरले.

गोधडी काही अजून झालेली नाही. मी उसवायला काढलं तेव्हा आजीने युकाता हातातून घेतला आणि किमोनोच्या बाहीची झोळी खिशासारखी वापरतात, हे मीच तिला सांगून बसले. हल्ली ती सकाळी त्यावर ओढणी टाकून भाजीला जाते. डाव्या बाहीत सुटे पैसे, उजव्या बाहीत मिरच्या. खालच्या काकूंनी मास्तरांकडे तीन सांगितलेत. मास्तर त्यांना शिलाई जास्त लावतात, फिटिंग नाही म्हणून.