हिरकणीचा दाखला

व्हीलचेअर घेऊन रायगडावर जायचं म्हटलं, की फुकटचे सल्लागार हिरकणीचा दाखला देतात. ‘ती कडा उतरली, तुम्हाला तर रोपवे आहे!’ आहे की, १९९६पासून. पाळणा काही मिनिटांत वर सोडतो आणि पुढे पुन्हा दगडी पायऱ्या. मग दोघं चाकं धरतात, तिसरा पाठ सावरतो, चौथा मोबाइल काढतो: ‘इच्छाशक्तीला सलाम!’ (सलाम खरं तर उचलणाऱ्यांच्या कंबरेला हवा.) आख्यायिका पुरती ऐका हो. महाराज हिरकणीला साडीचोळी देऊन थांबले नाहीत, त्यांनी तिथे बुरूज बांधला. रायगड २०२५मध्ये जागतिक वारसा यादीत गेला. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६चा आहे. आधी रॅम्प कुठे बसतो ते बघा, कौतुक नंतर करा.