पहिल्या दहांचा धनी

डिसेंबर लागला की पुण्यात हुरड्याचे बेत ठरतात, सवाईची तिकिटं निघतात आणि हा गृहस्थ कपाटातली लाल वही बाहेर काढतो. वर्षभरात निघालेल्या रॉक अल्बमांपैकी आवडीचे पहिले दहा, क्रमवारीनिशी, तिच्यात उतरवायचे असतात. ही यादी कुणी मागितलेली नसते. वाचणारे चौघे, तेही व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून मोकळे होणारे. पण सहकारी बँकेत हयात गेलेल्या या माणसाला ताळेबंद जुळल्याशिवाय नवं वर्ष सुरू करता येत नाही.

वय पन्नाशीच्या पुढे. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ साली बंद झालं, तेव्हा याने घरात सुतक पाळलं होतं. कॉलेजात असताना मुंबईला रंगभवनात जाऊन इंडिपेंडन्स रॉकमध्ये मान हलवली, ती आता मानेच्या पट्ट्यात आहे. डॉक्टरांना तो हे कारण अभिमानाने सांगतो. २००७ च्या मार्चमध्ये आयर्न मेडन ऐकायला रात्रीच्या बसने बंगळुरूला गेला होता. तिथला टी-शर्ट पोटावर बसेना, म्हणून मुलाला दिला. मुलगा तो घालून दूध आणायला जातो, हे दुःख वेगळं.

यादीचे नियम कडक. लाइव्ह अल्बम बाद. जुन्याच अल्बमची नवी आवृत्ती बाद. निवडक गाण्यांचे संच तर दारातही उभे करायचे नाहीत. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, त्याच क्रमाने, तीनदा ऐकल्याशिवाय गुण नाहीत: एकदा हेडफोनवर, एकदा हॉलमधल्या स्पीकरवर आणि एकदा चांदणी चौकाच्या ट्रॅफिकमध्ये. परदेशी मासिकं वर्ष संपायच्या आधीच याद्या लावून बसतात, याचा त्याला भारी राग. ‘डिसेंबरात निघालेल्याने जायचं कुठे?’ डिसेंबरात निघालेला एकही अल्बम त्याच्या यादीत आजवर लागलेला नाही, तो भाग निराळा.

दर जानेवारीत त्याची शपथ असते: यंदा फक्त नवे बँड. २०२४ ची वही उघडून पाहा. मार्चमध्ये ज्युडास प्रीस्टचा ‘इन्व्हिन्सिबल शील्ड’ आला आणि शपथ मोडली. रॉब हॅलफर्ड तेव्हा बहात्तर वर्षांचा, पण किंकाळी अशी की सोसायटीचे सेक्रेटरी ‘कुणी पडलं का?’ म्हणून वर आले. जुलैत डीप पर्पलने अल्बम काढला, त्याचं नाव नुसतं ‘=१’. जो नावातच पहिला नंबर घेऊन आला, त्याला चौथा द्यायचा कसा? आठवडाभर जेवण गेलं नाही. शेवटी चौथाच दिला आणि बाजूला शेरा मारला: ‘नावावर जाऊ नये.’ सप्टेंबरात डेव्हिड गिलमोरचा ‘लक अँड स्ट्रेंज’. त्यातलं एक गाणं गिलमोरची मुलगी रोमनी गाते, असं कळताच घराणेशाहीबद्दल अर्धा गुण कापला. मग गाणं ऐकलं आणि अर्धा गुण व्याजासकट परत केला. त्याच अल्बमच्या शीर्षकगीतात पिंक फ्लॉइडच्या रिक राइटचा २००७ साली वाजवून ठेवलेला कीबोर्ड आहे. राइट २००८ साली गेला. हे सांगताना तो चष्मा पुसायला घेतो.

खरी कसोटी नोव्हेंबरात लागली. ‘द क्युअर’चा सोळा वर्षांनी आलेला अल्बम, ‘साँग्ज ऑफ अ लॉस्ट वर्ल्ड’. पहिल्याच गाण्यात तीन मिनिटं उलटली तरी रॉबर्ट स्मिथ तोंड उघडत नाही. हॉलमध्ये लाइट घालवून हा डोळे मिटून बसलेला. सवाईला दरवर्षी सतरंजीवर बसणाऱ्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन आल्या. ‘अहो, हा माणूस गाणार कधी? आमचे बुवा निदान सा तरी लावून ठेवतात.’ शेवटच्या गाण्यात तर सहा मिनिटं वाट पाहावी लागते. तेवढ्यात वहिनींची गवार निवडून झाली. अल्बम पहिला आला.

त्याच महिन्यात स्वीडनच्या ओपेथचा ‘द लास्ट विल अँड टेस्टमेंट’. एका श्रीमंत घरातला कर्ता पुरुष जातो आणि त्याच्या मृत्युपत्राचं वाचन होतं, एवढीच गोष्ट. आठांपैकी सात गाण्यांना नावंच नाहीत, कायद्याच्या कलमांसारखे नुसते आकडे. मधे जेथ्रो टलचा इयन अँडरसन बासरी वाजवतो आणि गायक मिकेल ऑकरफेल्ट घशातून गुरगुरतो. कथानक ऐकून वहिनी म्हणाल्या, ‘अगंबाई, हे तर आमच्या साताऱ्याच्या वाड्याचं! भाऊजी अगदी असेच बोलले होते.’ बायकोला आवडलेला हा त्याचा पहिला रॉक अल्बम. दुसरा नंबर.

आणि नव्या बँडची शपथ? ती दहाव्या क्रमांकावर पाळली जाते. २०२४ साली तिथे डब्लिनच्या ‘फाँटेन्स डी.सी.’ची तरुण मंडळी ‘रोमान्स’ घेऊन बसली. ‘पोरांत दम आहे,’ असा शेरा. पोरांचा तो चौथा अल्बम होता.

याला हसणं सोपं आहे. पण हल्ली गाणं रीलपुरतं पंधरा सेकंद ऐकून आपण ‘भारी’ म्हणतो. हा माणूस न आवडलेला अल्बमसुद्धा तिसऱ्यांदा ऐकतो, ड्रमवर कोण आहे ते वाचतो आणि मगच नापास करतो. इतक्या कष्टाने नापास करणारे परीक्षक विद्यापीठातही मिळायचे नाहीत.

तेव्हा डिसेंबरात गाठ पडली आणि त्याने ‘यंदा काय ऐकलंस?’ असं विचारलं, तर ‘विशेष काही नाही’ म्हणू नका. दोन तास जातील. एका अल्बमचं नाव सांगा. मात्र तो शेवटपर्यंत ऐकलेला असू द्या, कारण शेवटचं गाणं कोणतं, हे तो विचारतोच.