लांडगा येतोय, गप्प बसा!

ब्रॅम्प्टन,
ऑगस्टअखेर

ती. आई आणि ती. बाबांस,


परवा फोनवर बाबांनी जे विचारलं त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं, म्हणून कागद घेऊन बसले आहे. "एवढं पेट्रोल जाळून गेलात आणि लांडगा बघितलाच नाही? नुसता ऐकून आलात?"

बाबा, हा प्रश्न इंदापूरच्या माणसाने विचारावा असाच आहे. तुमच्या कडबनवाडीच्या माळावर नजर जाईल तिथवर गवत. लांडगा उठला की दिसतो, बसला की त्याचे कान दिसतात. इथल्या रानाची तऱ्हा वेगळी. आम्ही गेलो होतो त्या अल्गॉन्क्विन पार्कचा विस्तार साडेसात हजार चौरस किलोमीटरच्या वर आहे, म्हणजे जवळजवळ निम्मा पुणे जिल्हा. 1893 पासून ते राखून ठेवलंय. पण रस्त्यावरून दहा पावलं आत शिरलं की पुढे मेपल, मागे स्प्रूस, पायाखाली शेवाळ आणि समोर काहीच दिसत नाही. नितीनने या सहलीसाठी हातभर लांबीची लेन्स घेतली आहे. तिची किंमत आईला सांगत नाही, कारण ती मलाही एका दमात सांगितलेली आवडली नव्हती. त्या लेन्समधून आम्हाला झाडांची सालं फार स्पष्ट दिसली.

तिथे जे मिळतं ते कानांना मिळतं. आणि कानांना काही मिळायला हवं असेल तर आधी तोंड मिटावं लागतं. आमची खरी मोहीम तीच होती. आपल्या घराण्यात कोणी गप्प बसलं की आधी कपाळाला हात लावून ताप बघतात. नितीनकडचे त्याहून वरचढ. त्यात सासूबाई सहा महिन्यांसाठी आलेल्या, आरुष सात वर्षांचा, म्हणजे "का" हा शब्द नुकताच विकत घेऊन आल्यासारखा वापरणारा. सई तेवढी गप्प असते, पण तिच्या कानांत दिवसभर इअरफोनची बोंडं खुपसलेली असतात.

सासूबाईंना प्राण्यांची ओळख नितीनने गाडीतच करून दिली, ती पाकीट उघडून. इथल्या पाच सेंटच्या नाण्यावर बीव्हर आहे, पंचवीस सेंटवर कॅरिबू आहे, आणि 1987 पासून एक डॉलरच्या नाण्यावर लून नावाचा पाणपक्षी आहे, म्हणून त्या नाण्याला सगळे लूनीच म्हणतात. सासूबाई म्हणाल्या, "मग एक डॉलर तीसमध्ये सगळे बघून झाले की रे. जायचं कशाला?" अशी हिशेबाला पक्की बाई.

मुक्काम म्यू लेकच्या काठी युर्टमध्ये होता. युर्ट म्हणजे गोल, लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेली खोली. तिथे पहिला नियम अस्वलाचा. खाण्याचं काहीही बाहेर ठेवायचं नाही, वास येणारी प्रत्येक वस्तू रात्री गाडीत बंद करायची. सासूबाईंचे बेसनलाडू गेले, लसणीची चटणी गेली, शेवटी उदबत्तीचा पुडाही गेला. "अस्वलाला उदबत्तीचं काय करायचंय?" असं विचारत त्या झोपल्या.

मध्यरात्री उठल्या त्या घाबरून. तळ्यावरून लांब, चढत जाणारा, मध्येच मोडणारा आवाज येत होता. "अरे नितीन, ऊठ. कोणीतरी बाई रडतेय. अशा रानात एकटी! जाऊन बघ." नितीनने पांघरूण डोक्यावर ओढून सांगितलं की तो लून आहे. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने तसंच उत्तर आलं. मग सईने अंधारातच सगळ्यांना माहिती पुरवली (या बाबतीत ती बाबांवर गेली आहे): लूनचे मुख्य आवाज चार. हा रडवा आवाज एकमेकांचा पत्ता विचारायला. थरथरतं, वेडगळ हसल्यासारखं काढतो ते धोका वाटला की. तिसरा फक्त नराचा, "हे तळं माझं आहे" असं शेजाऱ्याला बजावण्यासाठी. आणि चौथा अगदी हळू, घरातल्या घरात.

"म्हणजे नवरा-बायको 'कुठे आहेस' एवढंच विचारताहेत?" सासूबाई म्हणाल्या. "मग त्यात एवढं रडायचं कशाला?"

"नवरा-बायको आहेत ना," पांघरुणाच्या आतून आवाज आला. त्याचा हिशेब मी सकाळी केला.

पण ऐकू किती लांबून येतं, बाबा! रात्री तळ्यावरची हवा गार पडते आणि वरची त्या मानाने उबदार राहते. आवाज वर निसटून न जाता वाकून पुन्हा पाण्याकडे येतो. त्यामुळे पलीकडच्या काठावरचा लून उशाशी बसून ओरडतोय असं वाटतं. पलीकडच्या काठावरच्या माणसांनाही आपलं सगळं ऐकू येतं, हे मात्र दुसऱ्या दिवशी एका शेजाऱ्याने हसून विचारलं तेव्हा कळलं: "लाडू म्हणजे काय?"

सकाळी चहा घेताना आरुषच्या हातातली भाकरवडी गेली. कानाला पत्ता न लागू देता एक करडा पक्षी झाडावरून तरंगत आला आणि घेऊन गेला. हा कॅनडा जे. तो थंडीत दक्षिणेला जात नाही, शिवाय मार्चच्या बर्फात घरटं करून अंडी घालतो. उन्हाळ्यापासून तो खाण्याचे हजारो तुकडे चिकट लाळेत घोळवून झाडांच्या सालीत चिकटवतो आणि कुठला कुठे ठेवला हे लक्षात ठेवतो. त्याच्या पायांत रंगीत कडी घालून इथे पन्नासहून अधिक वर्षं एकेकाचा संसार टिपून ठेवलाय. त्यातून कळलेली वाईट गोष्ट अशी, की अलीकडे पानगळीचे दिवस उबदार जायला लागले तसा हा साठा नासतो आणि पिल्लांच्या वेळेला कमी पडतो. पार्कात हे पक्षी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झालेत. आपली भाकरवडी टिकाऊ आहे, असं आरुषने त्या झाडाला ओरडून सांगितलं.

त्याच दिवशी संध्याकाळी बीव्हरने आम्हाला शिस्त लावली. आम्ही बांधाशेजारी बसलो होतो, अर्थातच बोलत. पाण्यावर फाडकन असा आवाज झाला की नितीनची लेन्स गळ्यात होती म्हणून वाचली. धोका दिसला की बीव्हर चपटी शेपटी पाण्यावर आपटून घरच्यांना सावध करतो. धोका म्हणजे आम्ही. मग मी सासूबाईंना लार्स विल्सन या स्वीडिश शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. त्याने 1960 च्या दशकात बीव्हरना वाहत्या पाण्याचा नुसता आवाज स्पीकरवर ऐकवला. पाणी कुठेच गळत नव्हतं, तरी बीव्हरनी त्या स्पीकरवर फांद्या आणि चिखल आणून लिंपला. सासूबाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. "बरोबर आहे. नळ टपकत असला की मला तरी कुठे झोप लागते?" परत आल्यावर पहिल्याच रात्री त्यांनी नितीनला आमच्या न्हाणीघरातला नळ दुरुस्त करायला लावला, यावरून त्या शास्त्रज्ञाचं म्हणणं मला पटलं.

आता मूसबद्दल. हा इथला सगळ्यात मोठा प्राणी, खांद्यापाशी माणसाहून उंच. तो बघायला म्हणून पहाटे उठून एका दलदलीच्या काठी गेलो. नितीन लेन्स लावून उभा, सई वही घेऊन, आरुष "कधी" विचारत. सासूबाई एका ओंडक्यावर माळ घेऊन डोळे मिटून बसल्या. जपाला बसल्यावर त्या हलत नाहीत की बोलत नाहीत. थोड्या वेळाने डोळे न उघडताच म्हणाल्या, "तिकडे कोणीतरी जेवतंय."

आम्ही ऐकलं. खरंच कोणीतरी जेवत होतं! पाण्यातून देठ ओढल्याचा सूंक आवाज, मग चावणं, मग पाण्याच्या धारा टपटपल्याचा आवाज, मग सगळं बंद. ते बंद होणं म्हणजे डोकं पुन्हा पाण्याखाली. आवाजाच्या रोखाने बघत राहिलो तेव्हा वेताआडून आधी दोन कान वर आले, मग ओघळलेलं नाक, मग गळ्याखाली लोंबणारं कातडं. मादी होती. सासूबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं आणि "देवाने घाईत केलेली दिसते" म्हणून मणी पुढे ओढला.

तिची धडपड मिठासाठी असते. जमिनीवरच्या झाडपाल्यात सोडियम फार थोडं, पाणवनस्पतींत पुष्कळ. म्हणून एवढं धूड मानेपर्यंत पाण्यात शिरतं. वसंतात तर मूस हमरस्त्याच्या कडेला येऊन गटारातलं पाणी पितात, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ त्यात उतरलेलं असतं. नितीनचा फोटो मात्र हलला आहे. सोबत पाठवते. मधलं तपकिरी ते मूस.

आणि आता बाबा, तुमचा लांडगा. 1950 च्या दशकात इथले वनरक्षकच लांडगे मारत, हरणं वाचवायची म्हणून. मग डग्लस पिमलॉट आणि त्यांचे सहकारी लांडग्यांचा अभ्यास करायला आले. एवढ्या दाट रानात न दिसणारा प्राणी शोधायचा कसा? त्यांनी विव्हळून बघितलं, म्हणजे आधी ध्वनिमुद्रण वाजवलं, मग स्वतःचाच गळा वापरला, आणि लांडग्यांनी उत्तर दिलं. 1963 मध्ये पार्कने लोकांना बोलावलं, तर अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त लोक आले. तेव्हापासून ऑगस्टमधल्या गुरुवारी हा कार्यक्रम होतो. ऑगस्टच का, तर तेव्हा पिल्लं लांब चालण्याइतकी मोठी नसतात आणि मोठे लांडगे त्यांना एखाद्या कुरणात ठेवून शिकारीला जातात, त्यामुळे टोळी एका जागी सापडते. बुधवारी रात्री पार्कची माणसं हाका घालत फिरतात. उत्तर मिळालं तरच गुरुवारी पाटी लागते. आता तर पार्कच्या हद्दीबाहेर भोवतालच्या भागातही 2001 पासून लांडग्याच्या शिकारीला बंदी आहे.

आपण "लांडगा आला रे आला" ऐकत वाढलो. तो खोटं ओरडणारा पोरगा इथे असता तर पार्कने त्याला पेन्शनसह नोकरीवर ठेवला असता.

आमच्या गुरुवारी आधी खुल्या रंगमंचावर भाषण झालं. मग शेकडो गाड्या एका रांगेत निघून हमरस्त्याच्या कडेला थांबल्या. दिवे बंद, दारं हळू लावायची, बोलायचं नाही. एका गाडीने कुलूप लागताना "पीं" केलं आणि त्या गाडीच्या मालकाकडे हजारभर लोकांनी न बोलता पाहिलं. सासूबाईंनी दोन्ही हातांच्या बांगड्यांना रुमाल गुंडाळले होते. मला पहिल्यांदाच समजलं की नायलॉनच्या जाकिटातलं माणूस श्वास घेतला तरी वाजतं.

पार्कच्या माणसाने हाक घातली. काही नाही. पुन्हा घातली. मग काळ्या रानातून एक आवाज उठला, वर चढला, तिथेच थांबला. दुसरा त्याच्या सुरात न मिसळता शेजारचा सूर धरून आला, मग तिसरा. लांडगे मुद्दाम एक सूर टाळतात, म्हणून चार असले तरी दहा वाटतात. आणि एवढ्यात पिल्लांनी तोंड घातलं! किंकाळ्या, भुंकणं, चिरकणं, सगळी एकदम. त्या कलकलाटात मोठ्यांची पट्टी पार बुडाली. सईच्या कानांत बोंडं नव्हती. आरुष बोटांवर मोजत होता आणि "किती" असं विचारत नव्हता.

गाडीत बसल्यावर सासूबाईंनी रुमाल सोडले. "मोठी माणसं गात असली की पोरांनी मध्ये बोलायचंच. तिथेही तेच." एवढ्या शिस्तीच्या प्राण्यालाही आपली पोरं आवरत नाहीत, याचा मला फार आधार वाटला.

तेव्हा बाबा, बघितलं नाही हे खरं. पण बघितला असता तर एक लांडगा रस्ता ओलांडताना दिसला असता. ऐकला म्हणून त्यांचं अख्खं घर कळलं. तुम्ही एखाद्या संध्याकाळी माळावर जाऊन, मोबाइल घरी ठेवून, नुसतं बसून काय ऐकू येतं ते लिहून पाठवा. तित्तिर, टिटवी, धनगराची कुत्री, काहीही चालेल.

घरात एक फायदा झालाय. अर्ध्या किलोमीटरवरची पिल्लं आपण कशी वेगळी ओळखली हे नितीन सगळ्यांना सांगतो. त्यामुळे स्वयंपाकघरातून मारलेली हाक ऐकू आली नाही, असं त्याला आता म्हणता येत नाही. कचरा वेळेवर बाहेर जातो.

पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं या. व्हिसाचे कागद नितीन बघेल. अट एकच, आईने गुरुवारी रात्री तासभर बोलायचं नाही. हे वाचून ती "मी काय एवढी बोलते?" म्हणाली, ते मला इथे ऐकू आलं.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. गोडा मसाला संपत आलाय.

तुमची,
माधुरी