आळिवाचे महाराज अन् येळवशीची कोप

“काकू, ऐकलं का? आमच्या धाकट्या दिराच्या डोक्यात नवं खूळ शिरलंय. रानात म्हणे चित्र पेरायचं!”

“आता गं बया! अन् ज्वारी कुठं पेरणार, डोक्यावर?”

“मांजरेपल्याड कळंब तालुक्यातलं निपाणी हाय ना, तिथल्या मंगेश निपाणीकरांचं बघितलंय त्यानं मोबाइलवर. 2019 च्या शिवजयंतीला निलंग्यात 6 एकरांत शिवाजी महाराज उगवून दावले त्यांनी. त्याच साली डिसेंबरात निपाणीच्या रानात 4 एकरांत शरद पवार! रंगाचं बोट न्हाई, नुसतं आळीव, मेथी असलं बी.”

“आळीव? बाळंतिणीच्या लाडवाचा?”

“त्योच. दाट फेकला, पाणी शिंपडलं की थोड्याच दिवसांत हिरवागार. बी न्हाई तिथं काळी माती उघडी. तिच्याच मिशा, तिच्याच भुवया, म्हणतो.”

“अन् बांधावरून दिसतं का?”

“कुठलं! ड्रोन उडवावा लागतो.”

“म्हंजे रान आपलं, पाणी आपलं अन् बघणार कावळे! आपल्या केजकडं पाण्याची काय गत असती, ठावं न्हाई का त्याला? त्यापरीस येळ अमावशेला रानात उभारतो ती येळवशीची कोप बरी. तुझ्या सासऱ्याची बघती ना मी! आधी वारं कुठून येतं ते बघणार, मग त्या अंगाला कडब्याच्या पेंढ्या उभ्या करणार. आत पाच दगडांचे पांडव, चुन्यानं पांढरे केलेले, वर कावेची बोटं. भज्जी-आंबील खाऊन सांजंला हेंडग्याचा टेंभा पेटवला की झालं. कडबा परत बैलापुढं.”

“दीर तेच म्हणतो. चित्रावर पाळी घातली की हिरवळ मातीतच जाती.”

“कुणाचं काढणार पण?”

“पुढाऱ्याचं.”

“मग झालंच! त्याच्या तोंडावरून कुळव फिरवायची छाती हाय का कुणाची? रान अडकून पडंल. त्यापरीस बैलाचं चित्र काढ म्हणावं. अन् एकरभर कामून? मळणीयंत्र आल्यापासून जुन्या खळ्याची जागा मोकळीच पडलीय, तिथं पेर म्हणावं.”

“सांगती. पण काकू, खरं बोलू? मोबाइलवर महाराजांचं बघितलं तवा मीबी भाकर करपवली.”

“मग दाव की मला! अन् जाताना एवढं ऐक, येळवशीला आमच्या कोपीला पाच पेंढ्या कमी पडत्यात. तुमच्या गंजीतल्या काढून ठिव.”